पाऱ्याची उंची आणि विहिरीची खोली

वैशाखाचे ऊन तापू लागले की शिरूर व दौंड तालुक्यांतील विहिरींचे तळ दिसू लागतात. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडील भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घोड नदीवरील चिंचणीचे धरण, भीमेचे पात्र आणि कालवे यांच्या आधाराने येथील बरीचशी जमीन ओलिताखाली आली आहे. तथापि कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या माळरानातील शेतकऱ्याची भिस्त अद्याप विहिरीवरच आहे. या दिवसांत एक प्रसंग गावोगाव घडतो. विहिरीच्या काठावर बसविलेला पंप माघापर्यंत बिनतक्रार पाणी देत असतो. एके सकाळी तो सुरू केला जातो, मोटार नेहमीप्रमाणे घरघरते, परंतु पाटात पाणी येत नाही. विहिरीत डोकावून पाहावे तर परसभर पाणी आहे. नळीच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला आहे. मेकॅनिक येतो, वायसर बदलतो, पंपात पुन्हा पाणी भरतो. दोन दिवसांनी कोणीतरी सुचवितो की, मोटारीची ताकद कमी पडते. पाचाऐवजी साडेसात हॉर्सपॉवरची बसवावी. सोसायटीचे कर्ज किंवा सोयऱ्याची उसनवारी करून नवी मोटार येते, आणि तीही पाणी ओढत नाही.

या शेतकऱ्याची फसवणूक कोणी केलेली नसते. चूक एका समजुतीत असते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो व तसेच मानतो. वस्तुतः पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या नळीतील हवा काढून टाकतो, एवढेच. पाण्याला वर ढकलतो तो विहिरीतील पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर पडलेला वातावरणाचा भार. त्या भाराला एक मर्यादा आहे आणि ती मर्यादा विकत घेतलेल्या अश्वशक्तीने वाढत नाही. ही मर्यादा नेमकी किती, हे ज्या साधनाने माणसाला प्रथम कळले ते साधन म्हणजे काचेच्या नळीत उभा राहिलेला द्रवाचा स्तंभ होय.

अठरा हातांचे कोडे

साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इटलीतील पंप बनविणाऱ्या कारागिरांना शिरूरच्या शेतकऱ्याचीच अडचण पडली होती. चोषण पंपाने सुमारे अठरा हातांपलीकडे, म्हणजे आजच्या मापाने दहा मीटरांच्या आसपास, पाणी काही केल्या चढेना. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अडचणीचा उल्लेख केला आहे. त्याने दिलेले उत्तर मात्र चुकीचे होते. फार लांब दोर टांगला की तो स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभही तुटत असावा, असे त्याला वाटले. थोरांच्याही हातून असे होते. आणि हे उत्तर आजच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या उत्तरापेक्षा अधिक विचारपूर्वक दिलेले होते, हेही मान्य केले पाहिजे.

गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या इव्हांजेलिस्टा टॉरिचेली या तरुण गणितज्ञाने प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले. स्तंभ वरून तुटत नसून तो खालून तोलला जात असेल तर? दहा मीटर उंचीची नळी हाताळणे अवघड. म्हणून पाण्याऐवजी त्याहून कितीतरी जड असा द्रव घेतला तर स्तंभ तितक्याच प्रमाणात आखूड होईल. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. १६४३-४४च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे व्हिव्हियानी या सहकाऱ्याने टॉरिचेलीच्या सूचनेवरून हा प्रयोग केला. एका टोकाला बंद असलेली सुमारे दोन हात लांबीची काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरली, उघड्या तोंडावर बोट धरून ती पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली आणि बोट काढून घेतले. पारा थोडासा उतरला आणि ७६ सेंटिमीटरांच्या आसपास स्थिर झाला. वर नळीत पोकळी राहिली. तीत हवा नव्हती.

ही ७६ सेंटिमीटरांची संख्या १३.६ने गुणली की १० मीटर ३३ सेंटिमीटर येतात. पंपवाल्यांचे अठरा हात ते हेच. आपण सारे हवेच्या एका अथांग सागराच्या तळाशी वावरत आहोत आणि त्या सागराला वजन आहे, हा विचार टॉरिचेलीने १६४४ साली रोमला धाडलेल्या एका पत्रात मांडला. नळी जाड असो की बारीक, सरळ असो की तिरकी, पाऱ्याची उभी उंची तीच राहते. जाड नळीत पारा अधिक असतो, पण त्याला तोलणारे तोंडही तेवढेच मोठे असते. विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात.

विचार पटण्याजोगा असला तरी तो सिद्ध व्हावयास हवा होता. हवेच्या सागराला वजन असेल तर त्याच्या तळापासून वर गेल्यावर पारा उतरला पाहिजे. फ्रान्समधील ब्लेझ पास्कालने आपल्या थोरल्या बहिणीचे यजमान पेरिए यांना ही कामगिरी सोपविली. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए क्लेरमाँ गावाजवळील प्यूई द दोम हा डोंगर चढले. निघण्यापूर्वी त्यांनी दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून दोहोंत पारा सारखाच उभा राहतो याची खात्री केली. एक नळी पायथ्याच्या मठात एका साधूच्या देखरेखीखाली ठेवून त्याने दिवसभर तिच्याकडे पाहत राहावे असे सांगितले, व दुसरी बरोबर नेली. शिखरावर पारा फ्रेंच मापाने तीन इंचांहून अधिक, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास, उतरलेला आढळला. खालच्या नळीतील पारा दिवसभर हलला नव्हता. पेरिए यांच्या चढाईचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु प्रयोगाला वजन आले ते खाली बसून एकाच नळीकडे पाहत राहिलेल्या त्या साधूमुळे. पारा उतरला तो उंचीमुळे, हवापालटामुळे नव्हे, हे त्याच्यामुळे सांगता आले.

पुणेकरांना हाच अनुभव सिंहगडावर घेता येईल. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे व सिंहगडाचा माथा १,३०० मीटरांहून थोडा वर. या चढणीत पारा जवळजवळ सहा सेंटिमीटर उतरतो. आपल्या पठाराच्या उंचीवर सुमारे बारा-तेरा मीटर चढले की एक मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब धरावयास हरकत नाही.

दख्खनच्या पठारावरील भरती-ओहोटी

वायुभारमापक आपल्या प्रदेशात शास्त्रीय कामासाठी पद्धतशीरपणे वापरणाऱ्या आरंभीच्या लोकांत विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव घ्यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील या अधिकाऱ्यास मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनमधील माहिती व आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या जिल्ह्यांत त्यांनी पुढील सहा-सात वर्षे काम केले. शिरूर आणि त्या काळी भीमथडी या नावाने ओळखला जाणारा आजच्या दौंडकडील मुलूख हा त्यांच्याच कार्यक्षेत्राचा भाग होता. जमीन, लोकसंख्या, पिके, पक्षी, भीमेच्या खोऱ्यातील मासे अशा नाना गोष्टींची त्यांनी नोंद केली. आणि त्याबरोबरच हवेच्या दाबाचीही. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या हवामानावरील दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच वातावरणाच्या भरती-ओहोटीचा उल्लेख आहे.

ही भरती-ओहोटी म्हणजे काय? आपल्याकडे पाऱ्याचा स्तंभ दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो, दुपारी चार-पाचला सर्वांत खाली; रात्री दहा-अकराला पुन्हा वर आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा खाली. आभाळ भरलेले असो, वारा सुटलेला असो, दिवसाचा हा क्रम आपल्या हजारो नोंदींत चुकला नाही, असा साइक्स यांचा निर्वाळा होता. युरोपातील लहरी हवेत दिवसाची ही हालचाल बुडून जाते. उष्ण कटिबंधात ती घड्याळासारखी उमटते. समुद्राची भरती चंद्र घडवितो, ही मात्र मुख्यतः सूर्य घडवितो. वातावरणातील बाष्प आणि उंचावरील ओझोन सूर्याची उष्णता शोषून घेतात आणि त्यामुळे हवेच्या साऱ्या थराला दिवसातून दोन हेलकावे बसतात. पुण्याकडे सकाळच्या व दुपारच्या दाबातील फरक साधारण तीन ते चार मिलिबार, म्हणजे पाऱ्याच्या मापाने दोन-तीन मिलिमीटर इतकाच असतो. दौऱ्यावर फिरत असताना काचेच्या नळीतील पाऱ्याचा एवढासा फरक वर्षानुवर्षे टिपावयाचा, यास चिकाटी लागते.

पाऱ्याची नळी प्रवासात नेणे हेच मुळी जिकिरीचे. धक्का बसला की पारा वरच्या पोकळीत उसळून काचेवर आपटतो आणि नळी फुटते. म्हणून नळी पाऱ्याने पूर्ण भरून, मग उलटी करून नेण्याची रीत पडली. साइक्स यांनी पुढे १८३८ साली एक सोपा पर्यायही सुचविला. ज्याच्याजवळ वायुभारमापक नाही त्याने साध्या उष्णतामापकाने पाणी किती अंशांवर उकळते ते पाहून स्थळाची उंची काढावी. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. दौंडच्या उंचीवर ते १०० अंशांऐवजी सुमारे ९८.३ अंश सेल्सिअसला उकळते.

वाचन आणि दुरुस्ती

मुंबईस कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून हवामानाची नियमित निरीक्षणे होऊ लागली. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुढे १९४४ साली ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या भव्य इमारतीला आणि तिच्यासमोरील चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिस या नावानेच ओळखतात. देशभरच्या केंद्रांवरील वायुभारमापक तपासून, एकमेकांशी ताडून पाहून पाठविण्याचे काम दीर्घकाळ पुण्यात चालले. तपासणी अधिकारी केंद्राच्या दौऱ्यावर निघाला की स्वतःचा वायुभारमापक जिवापाड जपत बरोबर नेई आणि स्थानिक उपकरणाशेजारी टांगून दोहोंतील फरक नोंदवी. पेरिए यांनी डोंगर चढण्यापूर्वी दोन नळ्या शेजारी ठेवल्या होत्या, त्याचेच हे खातेशीर रूप.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पाऱ्याची उंची मोजली म्हणजे दाब मिळाला असे होत नाही. निरीक्षक प्रथम उपकरणाला जोडलेला उष्णतामापक वाचतो. कारण जवळ उभे राहिल्याने त्याच्या अंगाच्या उष्णतेनेही पारा तापू लागतो. मग नळीवर हलकेच टिचकी मारून, डोळे पाऱ्याच्या समपातळीत आणून, फुगीर माथ्याच्या अगदी वरच्या टोकाशी मोजपट्टीचा काटा जुळवून तो आकडा घेतो. त्यानंतर दुरुस्त्या सुरू होतात. तापलेला पारा प्रसरण पावून हलका होतो. म्हणून वाचन शून्य अंश सेल्सिअसवर आणावे लागते. आपल्याकडे ३० अंशांच्या उन्हाळ्यात ही दुरुस्ती साडेतीन मिलिमीटरांपर्यंत जाते, म्हणजे साइक्स यांनी टिपलेल्या रोजच्या भरती-ओहोटीहूनही अधिक. गुरुत्वाकर्षण ध्रुवांकडे जास्त व विषुववृत्ताकडे कमी असल्याने आणखी सुमारे दीड मिलिमीटरांचा फरक पडतो. उपकरणाचा अंगभूत दोष वेगळाच. या दुरुस्त्या न करणाऱ्याने उष्णता मोजलेली असते आणि तिला दाब हे नाव दिलेले असते.

शेवटची दुरुस्ती उंचीची. पुण्याचा प्रत्यक्ष दाब ९५० मिलिबारांच्या आसपास असतो आणि मुंबईचा १,०१०च्या. हे आकडे जसेच्या तसे नकाशावर मांडले तर पुण्यावर बारमाही चक्रीवादळ घोंघावत असल्याचा भास होईल. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीवर किती झाला असता याचा हिशेब करून मगच तो नकाशावर मांडतात. (मिलिबारास हल्ली हेक्टोपास्कल म्हणतात, आकडा तोच राहतो.) सकाळी साडेआठ व सायंकाळी साडेपाच या ठराविक वेळांना देशभर एकाच क्षणी ही वाचने घेतली जातात. त्यातूनच मे महिन्यात वायव्येकडे कमी दाबाचा पट्टा खोल होत असलेला दिसतो, मोसमी वाऱ्यांचा अंदाज बांधता येतो आणि समुद्रावरील वादळाचे केंद्र ओळखता येते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाची सूचना वेळेवर मिळाली, तीत उपग्रह व रडार यांचा वाटा मोठा होता; परंतु वादळ जमिनीवर आल्यावर ते किती खोल आहे हे ज्या आकड्याने सांगितले जाते, तो आकडा दाबाचाच असतो.

द्रवाचा स्तंभ वादळाची वर्दी देतो हे प्रथम पाहिले जर्मनीतील माग्डेबुर्ग शहरात. तेथील ऑटो फॉन गेरिके यांनी आपल्या घराला लागून पाण्याचाच उंच वायुभारमापक उभारला होता. पाण्यावर एक लाकडी बाहुले तरंगत असे, ते वरखाली होई आणि नागरिकांना त्याचे मोठे नवल वाटे. १६६० साली हे बाहुले एकाएकी फार खाली गेले. गेरिके यांनी वादळ येणार असे सांगितले, आणि ते आले.

दौंडच्या रुळांवरील पारा

हवेच्या दाबावर वजनदार कामे कशी करून घेता येतात, हे दौंडच्या जुन्या रेल्वे कामगारांना पुस्तकाविना ठाऊक होते. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाल्यापासून हे मोठे जंक्शन आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात गाड्यांना निर्वात ब्रेक असत. गाडीच्या इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळ जोडलेला असे व त्यातील हवा इंजिन सतत काढून घेई. चालकासमोरील आणि गार्डाच्या डब्यातील घड्याळासारख्या मापकावर ही पोकळी पाऱ्याच्या सेंटिमीटरांतच लिहिलेली असे. इंजिनावर ५३ सेंटिमीटरांवर काटा आला म्हणजे ब्रेक सुटले आणि गाडी निघावयास हरकत नाही. ब्रेक लावावयाचा म्हणजे त्या नळात बाहेरची हवा शिरू द्यावयाची. ती प्रत्येक डब्याखालील सिलिंडरातील दट्ट्या वर ढकली आणि चाकांवर ठोकळे आवळले जात. ५३ सेंटिमीटर पाऱ्याचा भार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७२० ग्रॅम. तो फारसा वाटत नाही. परंतु मोठ्या दट्ट्यावर, आणि तोही प्रत्येक डब्याखाली, एकाच वेळी पडला की भरधाव गाडी थांबे. इंजिन स्वतःच्या बळाने ब्रेक दाबीत नसे. ते फक्त हवेला वाट अडवून ठेवी. दोन डब्यांतील नळ तुटला तर हवा आपोआप आत शिरे व गाडी जागच्या जागी थांबे, हा या योजनेचा मोठा गुण होता. आता निर्वात ब्रेकांची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकांनी घेतली आहे.

पुन्हा विहिरीच्या काठावर

आता आरंभीच्या पंपाचा हिशेब मांडता येईल. शिरूर व दौंड तालुके समुद्रसपाटीपासून अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक उंचीवर आहेत. तेथे पाऱ्याचा स्तंभ ७६ नव्हे, तर ७१-७२ सेंटिमीटरांच्या आसपास उभा राहतो. पाण्याच्या मापाने तो ९ मीटर ७० सेंटिमीटर झाला. यातून पाण्याच्या वाफेचा वाटा वजा करावा लागतो. नळीतील हवा काढली तरी तेथे पाण्याची वाफ राहतेच आणि ती स्तंभाला वरून दाबते. २५ अंशांच्या पाण्यासाठी हा वाटा बत्तीस सेंटिमीटरांचा आहे. म्हणजे अत्यंत निर्दोष पंपानेही या भागात ९ मीटर ४० सेंटिमीटरांपेक्षा, अर्थात ३१ फुटांपेक्षा, खालून पाणी येणार नाही.

प्रत्यक्षात पंप निर्दोष नसतो. नळीचे घर्षण, बाक, फूट व्हॉल्व्हची जाळी, आणि पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून राखावा लागणारा दाब, यांत दोन-तीन मीटर सहज जातात. सबब पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे उभे अंतर सहा-साडेसहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट, यापलीकडे जाऊ नये असे धरून चालणे शहाणपणाचे. हिवाळ्यात पाणी पंधरा फुटांवर असते तेव्हा सर्व सुरळीत चालते. उन्हाळ्यात ते तिशीकडे सरकले की पंप अडतो. मोठ्या मोटारीने हे अंतर वाढत नाही. उलट मोठा पंप त्याच नळीतून अधिक वेगाने पाणी मागतो, घर्षण वाढते आणि तो लहान पंपाच्याही आधी अडू शकतो. मोटारीची ताकद उपयोगी पडते ती पंपाच्या पुढे, पाणी वर ढकलण्यासाठी. तेथे हवेच्या दाबाची मर्यादा नाही.

म्हणून अनुभवी शेतकरी पंपच खाली नेतो. विहिरीच्या भिंतीत कोनाडा खोदून किंवा लोखंडी तुळया टाकून पंप पाण्याजवळ बसवितो. उपाय बरोबर आहे. परंतु उतरण्याचा जिना पक्का नसला, किंवा वायर उघडी व अर्थिंग सदोष असले, तर तो जिवावर बेततो. पंप खाली नेतानाच जिना व वायरिंग यांचा खर्च धरला पाहिजे. बुडता पंप, म्हणजे सबमर्सिबल, पाण्याखाली राहून पाणी वर ढकलतो, त्यामुळे त्याला ही अडचणच नाही. नळी पंपाच्या तोंडापेक्षा आखूड व्यासाची नसावी, तिचे सांधे हवाबंद असावेत आणि ती कोठेही उंटाच्या पाठीसारखी वर चढून खाली येऊ नये, कारण तेथे हवा अडकते.

मोटेच्या काळात या साऱ्याची गरज नव्हती. मोट पाणी उचलून आणते, हवेची मदत घेत नाही. विहीर दहा परस खोल असली तरी बैलांना फक्त धाव लांब लागते. गावातील हापशाचेही तसेच. जुन्या बसक्या हापशाचा दट्ट्या वरच, दांड्याजवळ असे, म्हणून तो उथळ पाण्यावरच चाले. जालना व सोलापूर येथे आधी तयार झालेल्या मजबूत हापशांवरून १९७०च्या दशकात जो इंडिया मार्क दोन हा हापसा सिद्ध झाला, त्याचा सिलिंडर विंधनविहिरीत पाण्याखाली बसवितात. त्यामुळे तो दीडशे फुटांच्या आसपास खोलीवरूनही पाणी उचलतो. असा हापसा कोरडा पडला तर ग्रामपंचायतीने प्रथम पाण्याची पातळी मोजवावी. सिलिंडर पाण्याच्या वर राहिला असेल तर वायसर बदलून काही साधत नाही. पाइप वाढवून सिलिंडर खाली न्यावा लागतो.

शाळेच्या टाकीवरील प्रयोग

पारा आता निरोप घेत आहे. तो विषारी असून त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. जपानमधील मिनामाटा शहराचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. वायुभारमापक, उष्णतामापक, दवाखान्यातील रक्तदाबमापक अशी पाऱ्याची साधने टप्प्याटप्प्याने बंद करणे हा त्याचा एक भाग होय. हवामान खात्याची केंद्रेही अंकीय उपकरणांकडे वळली आहेत. जुन्या माध्यमिक शाळांच्या कपाटांत पाऱ्याच्या नळ्या वा बाटल्या असतील तर त्या विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत आणि उकिरड्यावरही टाकू नयेत; बंद भांड्यात ठेवून घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी सोपवाव्यात. सांडलेला पारा झाडूने गोळा करणे सर्वांत वाईट, कारण त्याने तो बारीक थेंबांत विखुरतो.

पाण्याचा वायुभारमापक मात्र कोणत्याही शाळेला करता येईल. दहा मीटरांहून उंच अशी पाण्याची टाकी व तिला सुरक्षित जिना असलेल्या गावी, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, शिक्षकांनीच वर जाऊन तो करावा. सुमारे बारा मीटर लांबीची, जाड व न चेपणारी पारदर्शक नळी घ्यावी. गवंड्यांची मऊ लेव्हल नळी येथे चालत नाही, कारण बाहेरच्या हवेने ती चपटी होते, आणि हेही मुलांना दाखविण्यासारखे आहे. उकळून थंड केलेले रंगीत पाणी नळीत पूर्ण भरून दोन्ही टोके घट्ट बंद करावीत. खालचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवून, वरचे टोक दोराने टाकीच्या कठड्यापर्यंत ओढावे, आणि मग बादलीतील टोक पाण्याखालीच उघडावे. पाणी वरून उतरू लागते, त्यातून बुडबुडे निघतात आणि नऊ मीटरांच्या थोडे पुढे ते थांबते. बादलीतील पातळीपासून स्तंभाच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर फितीने मोजावे.

सकाळी दहा आणि दुपारी चार अशी वाचने घेतल्यास दुपारी पाणी बरेच खाली आलेले आढळेल. साइक्स यांची ओहोटी सापडली असे समजण्याचा मोह येथे होईल. परंतु तीन मिलिबारांच्या ओहोटीने पाणी तीनच सेंटिमीटर उतरते. सकाळी २५ अंश असलेली नळी दुपारी ३३ अंशांपर्यंत तापली, तर केवळ वाफेच्या वाढत्या दाबाने ते एकोणीस सेंटिमीटर उतरते. पाऱ्याची वाफ इतकी अल्प असते की तिचा हिशेब धरावा लागत नाही. विद्यार्थ्यांनी म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी नळीजवळचे तापमान लिहावे आणि पुस्तकातील कोष्टकातून त्या तापमानाचा वाफेचा दाब घेऊन तो स्तंभाच्या उंचीत मिळवावा. इतके करून दोन वाचनांत जे दोन-चार सेंटिमीटर उरतील, ते हवेचे.